सितारामनाकाचा बिल्ला

दत्तरावांचा आयुष्यात अपमान काय कमी झाला होता? मेव्हण्याच्या लग्नात वरातीच्या जीपमध्ये सगळ्यांना घेतलं आणि यांनाच पेट्रोलपंपावर विसरले. सेवानिवृत्तीच्या सत्काराला आणलेल्या हारावर दुसऱ्याच कुणाच्या नावाची चिठ्ठी निघाली. हे सगळं त्यांनी मुकाट गिळलं. पण विहाराच्या रजिस्टरात धम्मपाल गुरुजींनी जे केलं, ते काही केल्या त्यांच्या घशाखाली उतरेना.

झालं होतं असं की एक जानेवारीला विहारात सैनिक पूर्वजांचं प्रदर्शन भरवायचं ठरलं. धम्मपाल गुरुजी म्हणजे समितीचे अध्यक्ष, निवृत्त मुख्याध्यापक आणि दत्तरावांचे भिंतीला भिंत लागून शेजारी. त्यांनी हजेरीपटासारखं रजिस्टर आखलं. नाव, पूर्वजाचं नाव, लढाई, पुरावा. दत्तरावांच्या ओळीत शेवटच्या रकान्यात लाल शाईनं लिहिलं होतं, 'नाही'. आता ज्या माणसानं चौतीस वर्षं सरकारी कचेरीत आवक-जावक सांभाळली, त्याला तोंडावर शिवी द्या, तो तुम्हाला चहा पाजेल. पण रकान्यात लाल शाई? दत्तरावांना त्या दिवशी पोळी गेली नाही.

शिवाय गावभर झालेलं होतं ना. "आमचे पणजोबा पहिल्या महायुद्धात होते," हे दत्तराव गेली वीस वर्षं परभणीत भेटेल त्याला सांगत आले होते. पहिल्यांदा पणजोबा साधे शिपाई होते. सांगता सांगता ते पुढच्या फळीत गेले, आणि अलीकडं तर त्यांनी एका जर्मन साहेबाला मिशीला धरून छावणीत आणलं होतं. खरी गोष्ट वडिलांनी सांगितलेली, ती एवढीशीच. पणजोबा सितारामनाक महार पलटणीत होते. लढाई संपल्यावर सरकारनं चांदीचा बिल्ला दिला. काळ्या दोऱ्यात ओवून ते तो गळ्यात घालायचे. पुढं पालमजवळच्या आपल्या गावी, पाटलाच्या रानात ज्वारी काढताना दोरा तुटला आणि बिल्ला हरवला. "राजाचं तोंड हाय त्याच्यावर," असं सांगत म्हातारा मरेपर्यंत दारोदार विचारत होता. घावला नाही तो नाहीच.

"तर मग तो बिल्लाच आणून ठेवतो गुरुजींच्या टेबलावर," दत्तरावांनी जाहीर केलं.

त्यांच्या पत्नी सुलाबाई तांदूळ निवडत होत्या. मान वर न करता त्या म्हणाल्या, "ज्याचा हरवला त्याला रानात घावला न्हाई, अन् तुमाला शंभर वर्षांनी घावायलाय."

ज्यांच्या घरात असं बोलणारं माणूस असतं, तीच माणसं इतिहासात काहीतरी करून जातात, असं दत्तराव मनात म्हणाले आणि पिशवी घेऊन सराफ बाजारात गेले. सापडलेली चांदी शेवटी सराफाकडंच येते, हा त्यांचा हिशेब. 'लढाईतला जुना बिल्ला असेल तर बघा' एवढं ते एका दुकानात बोलले आणि चार दिवसांत त्यांच्या दारात माणसं यायला लागली. कुणी सायकल शर्यतीचं पदक आणलं, कुणी खो-खोचं. एकानं कुटुंब नियोजनाच्या शिबिरातला बिल्ला आणला आणि हीसुद्धा एक लढाईच होती असं पटवून गेला. एका सराफानं तर पशुप्रदर्शनाचं चांदीचं पदक गळ्यात मारलं. त्याच्यावर ठसठशीत बैल, खाली 'उत्तम लाल कंधारी वळू, प्रथम क्रमांक'. दत्तराव म्हणाले, याचा युद्धाशी काय संबंध? सराफ गंभीरपणे म्हणाला, साहेब, तोफा कोण ओढत होतं? दत्तरावांनी पैसे मोजले आणि वळू घरी आला.

मग कागदाच्या वाटेनं जावं म्हणून ते एका कार्यालयात गेले. तिथल्या बाईंनी अर्ज पाहून सैनिकाचा हयातीचा दाखला मागितला. दत्तराव म्हणाले, बाई, त्यांचा जन्म अठराशे पंच्याण्णवचा. बरं, मग मृत्यूचा दाखला आणा. तो त्या काळी गावात कुणी काढत नव्हतं. यावर बाईंनी पेन खाली ठेवून शांतपणे विचारलं, "मग ते वारले हे कशावरून?" दत्तरावांना राग आला नाही. उलट ऊर भरून आला. असाच प्रश्न त्यांनी स्वतः चौतीस वर्षं लोकांना विचारला होता, फक्त खिडकीच्या त्या बाजूनं तो इतका वेगळा ऐकू येतो हे त्यांना ठाऊक नव्हतं. विलायतेतल्या एका जुन्या कागदांच्या कचेरीलाही त्यांनी लिहिलं. तिकडून दोन मिनिटांत उत्तर आलं की आपलं पत्र मिळालं, चाळीस कामकाजाच्या दिवसांत कळवू. इतकी तत्पर पोच त्यांनी जन्मात पाहिली नव्हती. त्यांनी ती छापून फाइलला लावली, आणि तीच त्या फाइलमधली पहिली आणि शेवटची नोंद ठरली.

एवढ्या खटपटीतून हाती लागलं ते एकच. मोबाइलवर त्या बिल्ल्याचा फोटो सापडला, दोन्ही बाजूंचा. एका बाजूला इंग्लंडचा दाढीवाला राजा, पण बोडका, डोक्यावर मुकुट-बिकुट काही नाही. दुसऱ्या बाजूला घोड्यावर बसलेला एक गडी, अंगावर सूतसुद्धा नाही, आणि घोड्याच्या टापेखाली कवटी. बिल्ल्याच्या कडेवर बारीक अक्षरांत शिपायाचा नंबर, नाव आणि पलटण कोरलेली असते, असं खाली लिहिलं होतं. दत्तरावांनी घोडेस्वाराचा फोटो मोबाइलच्या पडद्यावरच लावून टाकला.

"अडतीस वर्षं झाली लग्नाला," सुलाबाई म्हणाल्या. "माझा फोटू कधी लावला न्हाई. ह्या नागव्याचा लावला."

आता राहिलं रान. सुलाबाईंचा भाचा सुरक्षारक्षक होता. त्याच्याकडून दत्तरावांनी दाराशी माणसं तपासायचं ते दांडकं मागून घेतलं, जे धातू जवळ आला की कुईंकुईं करतं. डिसेंबरातल्या एका सकाळी एसटीनं पालमला, तिथून ऑटोनं गावी. पाटलाचं रान आता त्याच्या नातवाकडं, किशनरावाकडं होतं. किशनराव म्हणजे त्यांचा शाळेतला वर्गमित्र, दहावीला दोघं इंग्रजीत सोबत नापास झालेले. दत्तरावांनी फोनवर परवानगी मागितली तेव्हा तो एवढंच म्हणाला, "हुडक बाबा. घावलं तर अर्धं आमचं."

दोन तास दत्तराव काळ्या रानात दांडकं फिरवत हिंडले. सापडलं काय? तर तुटका विळा, बैलाच्या खुराची पत्री, दोन खिळे आणि एक स्टीलचा चमचा. तेवढ्यात गावात बातमी, की परभणीहून कुणी यंत्र घेऊन गुप्तधन काढायला आलाय. बांधावर पंधरा-वीस माणसं जमली. यंत्रानं कुईं केलं की सगळे उठून उभे राहायचे, चमचा निघाला की बसायचे. एका म्हाताऱ्यानं सल्ला दिला की धन असं नुसतं हिंडून घावत नसतं, आधी कोंबडं कापावं लागतं. दत्तराव घामाघूम, बुटात ढेकळं, आणि आत्मसन्मान त्या चमच्याएवढा उरलेला.

इतक्यात किशनराव लगबगीनं बांधावर आला. "दत्ता, ते दांडकं ठेव अन् चल घरी. आज चंपाषष्ठी हाय. तळी उचलायला पाच माणसं लागतेत. पोरं पुण्याला, आमी चौघंच भरलोत."

तळी म्हणजे खंडोबाचं ताट. मधे देवाचा चांदीचा टाक, भोवती पानं, खोबरं, नारळ आणि भंडारा, म्हणजे हळद. पाच जणांनी ते धरून येळकोट करत वर उचलायचं. दत्तराव म्हणाले, अरे, आम्ही बौद्ध. देवाची पूजा करणार नाही असं मी दरसाल सगळ्यांसमोर म्हणतो. किशनरावानं त्याच्यावर तोडगा काढला. पूजा आम्ही करतो, तू नुसतं धर, टेबल धरल्यासारखं. दत्तरावांनी क्षणभर विचार केला. टेबल धरणं ही पूजा नव्हे, ते श्रमदान. आणि लहानपणी ज्या वाड्याच्या ओट्यावर चढू दिलं नाही, त्या घरात आज माणूस कमी पडतो म्हणून आपल्याला बोलवायलेत, हेही त्यांना मनातून गोड लागलं. खोटं कशाला बोला.

ते आत गेले. देव्हाऱ्याशी किशनरावाची आई नर्मदाबाई बसली होती, वय शहाऐंशी, नजर अजून सुईत दोरा ओवणारी. ताट सजलं. दत्तरावांनी आपल्या बाजूची कड धरली. येळकोटचा गजर झाला, ताट छातीपर्यंत आलं, आणि दत्तरावांनी खाली पाहिलं.

घोडेस्वार. टापेखाली मुंडकं.

खंडोबा घोड्यावरच असतो आणि त्याच्या पायाखाली दैत्य असतो, हे दत्तरावांना माहीत होतं. पण ह्या घोड्याची वाकलेली मान त्यांनी तीन महिने रोज सकाळी मोबाइलवर पाहिली होती. गडी हळदीनं लिंपलेला होता, आणि कमरेपाशी हळद अंमळ जास्तच जाड होती. ताट जरासं कललं, टाकाची कड उजेडात आली आणि हळदीच्या फटीत इंग्रजी आकडे दिसले. दत्तरावांचे हात गळाले. पाचातला एक हात सुटला की ताटाचं काय होतं ते सांगायला नको. नारळ पूजेला आलेल्या गुरवाच्या पायावर, खोबरं चुलीपाशी, आणि सगळा भंडारा दत्तरावांच्या टकलावर.

 दत्तराव पिवळेजर्द होऊन उभे. त्यांना वाटलं आपण मनातच बोललो, पण ते मोठ्यानं बोलले होते.

"किशनराव, हा खंडोबा न्हाई. हा आमच्या पणजोबाचा बिल्ला हाय."

पुढचा अर्धा तास सगळे एकदम बोलत होते. किशनरावाच्या भावांचं म्हणणं, देव आमच्या आज्याला रानात स्वयंभू घावला, ज्वारीच्या मुळाशी. दत्तराव म्हणाले, तेच तर मी सांगायलोय, रानातच हरवला होता. मग मागच्या बाजूला काय आहे ते बघा, राजा असेल. भाऊ म्हणाले, मागं दाढीवाला हेगडी प्रधान हाय, देवाचा कारभारी, राजा कुठला? डोक्यावर मुकुट न्हाई. त्यांचंही चुकत नव्हतं. निजामाच्या मुलखात नाण्यावर चारमिनार असायचा, इंग्रजाच्या राजाचं तोंड बघितलंय कुणी? पणजोबा बिचारे दारोदार राजाचं तोंड सांगत राहिले, आणि ह्यांच्या घरी होता घोडेस्वार आणि त्याच्या पाठीला प्रधान. दत्तराव कड साफ करून नाव वाचायला पुढं झाले, तर भाऊ आडवे आले. तो टाक नर्मदाबाईशिवाय कुणी हातात घ्यायचा नाही, हा घरचा रिवाज. आणि नर्मदाबाई? तिनं सांडलेला भंडारा पदरात भरला, टाक देव्हाऱ्यात ठेवला आणि पडदा ओढून घेतला.

दत्तराव परभणीला पोचायच्या आधी त्यांचा फोटो पोचला होता. कुणीतरी काढलेला, तळीला हात, टकलावर भंडारा, तोंड उघडं. जणू येळकोट म्हणतायत. विहाराच्या ग्रुपवर सत्तावीस जणांनी पाहिला. धम्मपाल गुरुजींनी लेखी खुलासा मागितला, तीन दिवसांत. दत्तरावांनी अकरा पानी खुलासा लिहिला, त्यात 'सदरहू ताट हे टेबलाप्रमाणे धरले होते' हे वाक्य अधोरेखित केलं. गुरुजींनी शेरा मारला, 'टेबलावर भंडारा उधळत नाहीत'. तिकडं गावात पोरं म्हणायला लागली की परभणीच्या कारकुनानं देवावर दावा लावला. म्हणजे इकडं हे देव मानतात म्हणून खटला, तिकडं हे देव मानत नाहीत म्हणून. शेजारीपाजारी सल्ला द्यायला येतच होते. एक म्हणाला पोलिसांत जा, एक म्हणाला थर्माकोलचा बिल्ला करून चंदेरी कागद लावा, लांबून कुणाला कळतंय. दत्तरावांनी दाढी करणं सोडलं. त्यांना आता रजिस्टराचं काही वाटत नव्हतं. वाटत होतं ते वेगळंच. घावला, डोळ्यानं बघितला, हातात आला होता, आणि तरी म्हाताऱ्याचा तो म्हाताऱ्याला मिळालाच नाही.

ते सुलाबाईंना दिसत होतं. एका दुपारी त्या चहाचा कप पुढं ठेवून म्हणाल्या, "आता रडा जरा. लय दिवस झाले." आणि दत्तराव खरंच रडले.

एकोणतीस डिसेंबरला किशनरावाचा फोन आला. आवाज पडलेला. "दत्ता, आई म्हणायलीय येऊन जा. तिनं तीन आठवडे देवाला आंघोळ घातली न्हाई."

दत्तराव सुलाबाईंना घेऊन गेले. पुराव्यासाठी आपला सगळा संग्रह, सायकल, खो-खो, वळू, पिशवीत घेतला, शिवाय भिंग. नर्मदाबाईनं दोघांना देव्हाऱ्यापाशी बसवलं. चिंचेचं पाणी करून ठेवलं होतं. तिनं टाक पाण्यात बुडवला आणि बोटानं कड घासायला लागली. हळदीचे थरावर थर निघत होते. घासता घासता स्वतःशीच म्हणाली, सासूबाईंनी सांगितलं होतं, देवाच्या कमरेला हळद जाड लावत जा. तवा कळलं न्हाई का ते. सुलाबाईंनी तोंडाला पदर लावला.

मग तिनं बिल्ला दत्तरावांपुढं धरला. "वाच."

दत्तरावांनी भिंग लावलं. भिंग नीट धरता यावं म्हणून किशनरावानं त्यांचं मनगट धरलं, आणि दहावीला इंग्रजीत नापास झालेल्या त्या दोघांनी मिळून अक्षर अक्षर लावलं. बाराशे सात. शिपाई. सितारामनाक. महार पलटण.

 किशनरावाचे भाऊ दारात उभे होते. नर्मदाबाई बोलायला लागली.

"मी नवी नवरी होते तवा म्हातारा चंपाषष्ठीला दिवटी धरून वाड्याभायेर भिंतीला उभा राहायचा. आत येळकोट व्हायचा, भायेर तो उजेड धरायचा. छप्पन साली तुमच्या लोकांनी दिवटी सोडली. तरी पुढच्या साली आला. मोकळ्या हातानं, धुतलेला सदरा घालून. मला म्हणाला, बाई, आमचा बिल्ला घावला का? मी ह्याच देवाला निवद दाखवून उठले होते दत्ता. अन् म्हणलं, न्हाई आबा, न्हाई घावला."

 मग म्हणाली, "साठ-सत्तर वर्षं कुणाची पूजा केली मी?"

दत्तरावांपाशी ह्याला अकरा पानी उत्तर नव्हतं. "शिपायाची, काकू," ते म्हणाले. "तुमी नीट सांभाळला त्याला."

भावांपैकी एकानं हळूच विचारलं, पण देव घराबाहेर गेल्यावर घराचं कसं? देव्हाऱ्यात जागा रिकामी राहणार. नर्मदाबाईनं दत्तरावांच्या पिशवीकडं पाहिलं. ह्याच्यात काय हाय? दत्तरावांनी एकेक काढून दाखवलं. वळूपाशी म्हातारीचा हात थांबला. दत्तराव प्रामाणिक माणूस, त्यांनी सांगून टाकलं की काकू, हा नंदी नाही, हा प्रदर्शनात पहिला आलेला बैल आहे.

"पयला आलाय ना," नर्मदाबाई म्हणाली. "मग बास." आणि लाल कंधारी वळू देव्हाऱ्यात बसला. तो घरचा, शेतातला, रानात राबणारा. त्याला हळद लावायला कुणाची हरकत नव्हती, आणि जाड लावायचीही गरज नव्हती.

बिल्ला तिनं नव्या काळ्या दोऱ्यात ओवला आणि दत्तरावांच्या गळ्यात घातला. सुलाबाईंच्या ओटीत नारळ घातला, कारण ह्या घरातून कुणी रिकाम्या हातानं जात नाही, मग तो देव असो की शिपाई. दत्तराव सवयीनं मागच्या अंगणाकडं वळले. बाप, आजा, सगळे त्याच वाटेनं ये-जा करत आलेले, पायांना तीच ठाऊक. नर्मदाबाईनं त्यांची बाही धरली.

"तिकडून न्हाई. पुढच्या दारानं."

ती स्वतः काठी टेकत पुढं झाली. मोठं दार उघडलं, ओटा उतरली आणि बाहेरच्या भिंतीपाशी गेली, जिथं दिवटीच्या काजळीचा काळा डाग अजून होता. तिथं उभी राहून तिनं पदर डोक्यावर घेतला. गल्लीतली माणसं थांबली. म्हातारी भिंतीशीच बोलली, शेजारणीशी बोलावं इतक्या साध्या आवाजात.

"आबा, घावला बरं का तुमचा बिल्ला. आमच्याच घरात होता."

दत्तरावांनी डोळे पुसायला रुमाल काढला, तर तो चंपाषष्ठीला टकलावरचा भंडारा पुसलेलाच निघाला, आणि डोळे पुसता पुसता त्यांचं सगळं तोंड पुन्हा पिवळं झालं.